कोसंबींची इतिहासदृष्टी



इतिहासावरील व्याख्यानांना आपल्याकडे कधी श्रोत्यांची वाण पडली नाही. लढाया, तह, कारस्थाने, किल्ले आणि खलिते ह्यांवर बोलणारा वक्ता असला की सभागृह भरते, आणि तसे ते भरावे ह्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या देशात लढणाऱ्यांपेक्षा नांगरणारे नेहमीच शंभरपटीने अधिक होते, त्या देशाचा इतिहास केवळ लढणाऱ्यांचा कसा असेल? आपल्या डोंगरउतारावर पहिला नांगर कोणी घातला? वेशीबाहेरच्या म्हसोबाला पहिला शेंदूर कोणी फासला? घाटातली वाट पहिल्याने कोणाच्या पायांनी मळली? ह्या माणसांनी बखरी लिहिल्या नाहीत, त्यांच्या नावे दप्तरे नाहीत. मग त्यांचा इतिहास लिहायचा तरी कसा?

हा एक प्रश्न झाला. दुसरा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. ज्या लेखकाला स्वतःची ठाम राजकीय मते आहेत, जो आपली मते लपवीत नाही आणि त्यांपायी पदरमोड सोसतो, त्याने लिहिलेल्या इतिहासावर आपण कितपत विसंबावे? ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार एकाच माणसाच्या आयुष्याच्या आधाराने करता यावा, म्हणून आम्ही आजच्या व्याख्यानासाठी दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव निवडले आहे.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नकोत. बुद्धाच्या शोधात घरदार सोडून निघालेला, नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथे घालून पाली भाषेचा अधिकारी पंडित झालेला हा मनुष्य फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत असे. आणि 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात तोच तुरुंगातही गेला. बौद्ध धर्म, गांधीजी आणि समाजवाद ह्या तिन्ही वाटा त्यांच्यापाशी एकत्र येत. वार्धक्याने शरीर कामाचे राहिले नाही असे वाटताच त्यांनी अन्न वर्ज्य केले आणि 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. मुलाने वडिलांची श्रद्धा घेतली नाही. पण पटेल त्यासाठी वाटेल ती किंमत देण्याची वृत्ती मात्र वारशात पुरेपूर घेतली.

धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ ह्या ग्रंथाच्या संपादनासाठी जात. 1918 साली त्यांच्याबरोबर दामोदरही अमेरिकेला गेले, आणि मधला थोडा काळ सोडला तर त्यांचे सारे शालेय व विद्यापीठीय शिक्षण तिकडेच झाले. 1929 मध्ये हार्वर्डची पदवी त्यांनी अत्युच्च श्रेणीत घेतली. गणित हा त्यांचा मुख्य विषय. पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषाही त्यांना अवगत झाल्या. परत आल्यावर दोन वर्षे बनारस हिंदू विद्यापीठ, दोन वर्षे अलीगड, आणि 1933 पासून सुमारे बारा वर्षे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा त्यांच्या अध्यापनाचा प्रवास झाला. ज्या महाविद्यालयात बाप पाली शिकवीत होता तेथेच मुलगा गणित शिकवू लागला. पुढे होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतले, आणि 1962 पर्यंत ते तेथे होते. घर पुण्यात आणि नोकरी मुंबईत, म्हणून डेक्कन क्वीनने त्यांचे जाणेयेणे चाले. गाडीतला तो वेळही वाचनात जाई.

गणित हा ज्याचा धर्म तो इतिहासाकडे वळला कसा, ह्याची हकीकत मनोरंजक आहे. संख्याशास्त्राचा अभ्यास करताना एखादा प्रत्यक्ष प्रश्न सोडवावा म्हणून कोसंबींनी जुनी नाणी हाती घेतली. आपल्याकडची सर्वांत जुनी चांदीची नाणी, ज्यांना आपण आहत नाणी म्हणतो, त्यांवर राजाचे नाव नसते. असतात ती नुसती ठोकलेली चिन्हे. ह्या चिन्हांवरून कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे हे विद्वान मंडळी तर्काने ठरवीत. कोसंबींनी तर्क बाजूला ठेवला आणि तराजू पुढे ओढला. त्यांचे म्हणणे असे की, नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते. जितके अधिक फिरेल तितके हलके होईल. मग तक्षशिलेस सापडलेल्या साठ्यांतील नाणी त्यांनी एकेक करून वजन केली. नाण्यांच्या मागच्या बाजूस सराफांनी वेळोवेळी तपासून उमटविलेल्या खुणा जसजशा वाढतात, तसतसे सरासरी वजन घटत जाते, हे त्यांना आढळले. आपला हा नियम खरा की खोटा हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही जमवून तोलली. मुक्या धातूकडून साक्ष घेण्याची ही रीत होती. आणि नाणी कोणी पाडली, कोणासाठी पाडली, ती चालवणारा व्यापारी कोण, हे प्रश्न पाठोपाठ आले, तेव्हा गणिती माणूस इतिहासाच्या रानात पुरता शिरला.

नाण्यांचा अर्थ लावायचा तर संस्कृत ग्रंथ वाचायला हवेत, म्हणून ते संस्कृताकडे वळले. आणि तेथेही वरवर थांबले नाहीत. भर्तृहरीच्या नावावर चालणाऱ्या सुभाषितांच्या शेकडो हस्तलिखितांची छाननी करून त्यांनी त्यांची चिकित्सक आवृत्ती 1948 मध्ये सिद्ध केली. पुढे वा. वि. गोखले ह्यांच्या सहकार्याने विद्याकर ह्या बौद्ध पंडिताचा ‘सुभाषितरत्नकोश’ 1957 साली हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत आणला. भर्तृहरीच्या श्लोकांत त्यांना जो दिसला तो राजाश्रयासाठी ताटकळणारा, मानी पण परावलंबी असा विद्वान. वैराग्याच्या श्लोकामागे नोकरी न मिळाल्याची खंत आहे, असे म्हणणाऱ्या संपादकावर पंडितांनी रागवावे हे साहजिकच होते. परंतु पाठनिश्चितीत त्यांनी कोठे कसूर केली, असे त्या रागावलेल्या मंडळींनाही म्हणता आले नाही. मते कितीही तिखट असोत, हस्तलिखितातले अक्षर आपल्या मताप्रमाणे वाकवायचे नाही, हा दंडक त्यांनी पाळला. व्याख्यानाच्या आरंभी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचे एक सूत्र येथे आहे, आणि ते श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

आता आम्ही कोसंबींच्या मुख्य कार्याकडे येतो. 1956 साली मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना हा इंग्रजी ग्रंथ काढला. इतिहास म्हणजे राजांची यादी नव्हे, तर माणसे आपले पोट भरण्यासाठी कोणती साधने वापरीत आणि त्यापायी परस्परांशी कोणत्या संबंधांनी बांधली जात, ह्यांत कालक्रमाने घडत गेलेले बदल, ही त्यांची भूमिका. कोणता राजा गादीवर होता ह्यापेक्षा त्या काळी लोकांपाशी नांगर होता की नाही, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे. ही दृष्टी मार्क्सची, हे त्यांनी कधी लपविले नाही. मात्र युरोपात समाजाच्या ज्या पायऱ्या दिसल्या त्याच क्रमाने त्या हिंदुस्थानातही मोजायच्या, हे त्यांना मान्य नव्हते. ग्रीस आणि रोम येथे होती तशी गुलामगिरी आपल्याकडे उत्पादनाचा पाया नव्हती, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

मग येथे काय होते? कोसंबींचे उत्तर थोडक्यात असे. आपला देश अफाट, रानाने भरलेला, आणि त्यात नाना टोळ्या आपापल्या दैवतांसह शिकार करून, कंदमुळे गोळा करून जगत असलेल्या. नांगरटीची शेती जसजशी रानात शिरली तसतशा ह्या टोळ्या समाजात ओढल्या गेल्या, आणि टोळीची झाली जात. हे काम सगळेच तलवारीने झाले नाही. पंचांग, पेरणीचा काळ, नवी बियाणी ह्यांचे ज्ञान घेऊन रानात वसणारा ब्राह्मण हा त्या विस्ताराचा एक वाटाड्या होता. त्याने टोळीच्या देवाला पुराणात जागा दिली, टोळीने त्याचे देव मानले. मासा, कासव आणि वराह हे विष्णूचे अवतार झाले. अशा रीतीने धर्माने आणि जातीने बळजबरीचे काम हलके केले; परंतु त्याची किंमत म्हणून समाज जेथल्या तेथे गोठला, असे कोसंबींचे निदान आहे. ब्राह्मणांची नुसती स्तुती ज्यांना हवी आणि नुसती निंदा ज्यांना हवी, अशा दोघांचेही समाधान ह्या उत्तराने होत नाही. आमच्या मते हीच त्याची मातब्बरी होय.

सरंजामशाहीविषयीही त्यांनी असाच एक भेद केला. सम्राट मांडलिकांकडून खंडणी घेतो आणि मांडलिक आपापल्या मुलखात स्वतंत्रपणे राज्य करतात, ही वरून आलेली सरंजामशाही. आणि गावातच राजा व रयत ह्यांच्यामध्ये जमिनीवर हक्क सांगणारा एक वर्ग उगवतो, ती खालून आलेली. पुढच्या पिढीतील इतिहासकारांनी ह्या मांडणीवर पुष्कळ वाद घातला. पण वाद घालण्यासाठी त्यांना ह्याच मांडणीपासून निघावे लागले.

परंतु कोसंबींचे जे काम आपल्या भागातल्या माणसाला सर्वांत जवळचे वाटेल, ते त्यांनी पुस्तकांत बसून केलेले नाही. पायांनी केले आहे. आपल्याकडे इतिहासासाठी वणवण करण्याची परंपरा आहेच. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरांसाठी. कोसंबी हिंडले ते दप्तर ज्यांच्या घरी कधीच नव्हते त्यांच्यासाठी. त्यांचे राहणे भांडारकर संस्थेच्या परिसरात. तेथून टेकडीवर फिरायला जावे आणि येताना खिशातून गारेची चिमुकली पाती घेऊन यावे, असा त्यांचा क्रम. ही पाती म्हणजे अश्मयुगातल्या माणसाची हत्यारे. ती कोठे सापडतात आणि कोठे सापडत नाहीत, ह्याची नोंद ते ठेवीत. ह्या नोंदी वाढत गेल्या तशी एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. गावाबाहेर, आडवाटेला, जुन्या वाटा जेथे एकमेकींना छेदतात अशा ठिकाणी देवीची जी ठाणी असतात, त्यांच्या आसपास ही पाती वारंवार मिळतात.

ह्यावरून त्यांनी असे अनुमान काढले की, ही ठाणी गावाहून जुनी आहेत. गाव वसण्यापूर्वी, शेती येण्यापूर्वी, गुरे व शेळ्यामेंढ्या घेऊन ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या लोकांच्या वाटा जेथे मिळत तेथे त्यांच्या माता होत्या. पुष्कळ देवींना नवरा नाही, त्यांची नावे संस्कृतात लावता येत नाहीत, त्यांना शेंदूर लागतो आणि रक्त चढते. एका ठाण्यात देवी रेड्याच्या रूपातल्या असुराला मारते. दुसऱ्या ठाण्यात तोच म्हसोबा जोगूबाईचा नवरा असतो. पुराणाच्या पोथीत ही विसंगती ठरेल. कोसंबी म्हणाले, येथे दोन समाज भेटले आहेत. कोठे त्यांची लढाई झाली, कोठे सोयरीक. आळंदीहून पंढरीला जाणारी वारीची वाटही अशाच जुन्या ऋतुप्रवासाच्या वाटेवर पडली असावी, असा त्यांचा कयास होता. आषाढ म्हणजे शेतकऱ्याच्या हाताला उसंत नसण्याचा महिना. त्याच महिन्यात हजारो शेतकरी घर सोडून चालू लागतात, ह्याचा विचार केला म्हणजे तो कयास निव्वळ कल्पनेचा खेळ वाटत नाही.

कार्ल्याचे उदाहरण घ्या. एकवीरेच्या दर्शनाला आपण जातो, लेणे पाहतो, आणि शिल्पाची तारीफ करून खाली उतरतो. लेण्यातील खांबांवर आणि भिंतींवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट नावाच्या गावचा एक गंधी आहे, त्याच गावचा एक सुतार आहे, आणि स्वतःस यवन म्हणविणारे कित्येक जण आहेत. ह्या धेनुकाकटाचा शोध कोसंबींनी हिरीरीने घेतला आणि 1955 साली त्यावर निबंध लिहिला. विहारांच्या जागा त्यांनी नकाशावर पाहिल्या. कार्ले, भाजे, बेडसे आणि जुन्नर ही सारी लेणी कोकणातून घाटावर येणाऱ्या व्यापारी वाटांना लागून आहेत. भिक्षूंचे संघ हे ध्यानाचे स्थान तर होतेच. पण तांड्यांना आसरा, मालाला गिऱ्हाईक आणि व्यापाऱ्याला भांडवल ह्यांचीही सोय तेथे होत असली पाहिजे, असे त्यांनी दाखविले. कार्ल्याच्या शिलालेखात ह्या प्रदेशाला ‘मामाल’ म्हटले आहे, तेच आपले मावळ. आणि ह्या नावाचा धागा कोसंबींनी ‘मावलाया’ ह्या पाण्यातल्या देवतांशी जोडला. ज्या शब्दाने आपल्याला शिवरायांचे मावळे आठवतात, त्या शब्दाच्या तळाशी एका निनावी मातेचे ठाणे असावे, हे ऐकून आमच्या तरी अभिमानात काही उणे येत नाही.

हे सर्व शोध 1962 साली निघालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहात आहेत. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘मिथ्यकथा आणि वास्तव’ असा करता येईल. त्यात गोव्याच्या जुन्या काबिजादींतील गावकरी संस्थेवरही एक निबंध आहे. गीतेवरील निबंधाने मात्र खळबळ उडाली. एकाच ग्रंथातून शंकराचार्यांना संन्यास, ज्ञानेश्वरांना भक्ती, टिळकांना कर्मयोग आणि गांधीजींना अहिंसा कशी सापडते, असा प्रश्न कोसंबींनी केला. आणि परस्परविरोधी मतांना एकत्र नांदवण्याची सोय हेच त्या ग्रंथाचे सामर्थ्य, असे उत्तर दिले. ज्या गावात ‘गीतारहस्य’ घरोघरी होते तेथे राहून हे लिहायला छाती लागते. हे उत्तर सर्वांनी पत्करावे असा आमचा आग्रह नाही; आमच्या मते गीतेची ओढ एवढ्याने पुरती उलगडत नाही. पण प्रश्न खरा आहे.

आता राजकारणाविषयी. कोसंबी मार्क्सवादी होते, पण कोणाच्या ताटाखालचे मांजर नव्हते. श्रीपाद अमृत डांगे ह्यांनी तुरुंगात लिहिलेला प्राचीन भारतावरील ग्रंथ 1949 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच साली त्यावर सर्वांत कडक टीका केली ती विरोधकांनी नव्हे, कोसंबींनी. सिद्धांत आधी आणि पुरावा मागून, ही रीत त्यांना सहन झाली नाही. पक्षाच्या अधिकृत भाष्यकारांवर ते सतत कोरडे ओढीत. दुसऱ्या बाजूला, पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिलेल्या ‘भारताच्या शोधा’चे परीक्षण त्यांनी 1946 साली केले. ग्रंथाच्या आणि ग्रंथकाराच्या थोरवीविषयी आदर राखूनच त्यांनी विचारले की, येणारे स्वातंत्र्य कोणत्या वर्गाच्या पदरात पडणार, हा प्रश्न ह्यात का नाही? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा सवाल कोणालाच रुचण्यासारखा नव्हता.

महायुद्धानंतर ते जागतिक शांतता चळवळीत पडले. अणुबाँबला विरोध तर त्यांनी केलाच. पण वीज निर्माण करण्यासाठीही गरीब देशाने अणुशक्तीवर अवाढव्य खर्च करावा, हे त्यांना पटेना. हिंदुस्थानाला सूर्य फुकट मिळाला आहे, त्याची शक्ती वापरण्यावर बुद्धी खर्च करा, असे त्यांनी 1960 साली पुण्याच्या रोटरी क्लबातील भाषणात सांगितले. ज्या संस्थेत ते नोकरीला होते तिचे संचालक होमी भाभा हेच देशाच्या अणुकार्यक्रमाचेही प्रमुख होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या भाषणाचे वजन कळते. 1962 मध्ये त्यांचा संस्थेशी संबंध संपला. 1964 पासून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, ते मानद वैज्ञानिक म्हणून काम करू लागले. प्राचीन भारताच्या संस्कृतीचा आढावा घेणारा त्यांचा अखेरचा मोठा ग्रंथ 1965 साली लंडनहून निघाला, आणि 29 जून 1966 रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. वय अवघे अठ्ठावन्न होते. सौरशक्तीविषयी त्यांनी जे सांगितले ते त्या वेळी विक्षिप्तपणा वाटले. आज गावोगावच्या छपरांवर सूर्याच्या तबकड्या बसल्या आहेत.

कोसंबी चुकले नाहीत असे नाही. सिंधू संस्कृतीच्या लोकांपाशी नांगर नव्हता, असे त्यांचे मत होते. 1960 च्या दशकात कालिबंगन येथील उत्खननात हडप्पापूर्व काळातले नांगरलेले शेतच सापडले. आर्यांनी सिंधू संस्कृतीचे बंधारे फोडले, ही त्यांची उपपत्तीही आज अभ्यासक मानीत नाहीत. गणितात रीमानच्या प्रसिद्ध कोड्याचा उलगडा झाल्याचा त्यांचा दावा टिकला नाही. स्वभावाने ते फटकळ होते, आणि वादात प्रतिपक्षाला जखमी केल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. परंतु श्रोतेहो, त्यांची चूक दाखविता आली ती कशाच्या बळावर? जमिनीतून निघालेल्या पुराव्याच्या. आणि पुराव्यासाठी जमिनीकडे वळा, हे तर तेच सांगत आले होते. ज्या मताची चूक अशा रीतीने पकडता येते, ते मत शास्त्राच्या कक्षेतले असते; जे मत कोणत्याही पुराव्याने हलत नाही, त्याला इतिहास म्हणता येत नाही.

म्हणून आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. इतिहासकाराला मते असू नयेत, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. मते सर्वांनाच असतात, कोणी ती उघड सांगतो, कोणी झाकून ठेवतो. उघड सांगणाऱ्याशी निदान वाद घालता येतो. पाहायचे ते एवढेच की, आपल्याच मताला अडचणीचा पुरावा समोर आला तेव्हा त्याने काय केले. कोसंबींनी स्वतःच्या गटातल्या ग्रंथकाराला सोडले नाही, नाणे तोलताना काट्यावर बोट ठेवले नाही, आणि नोकरीच्या सोयीसाठी तोंड मिटले नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तर आपल्या आवाक्यातले आहे. आपल्यापैकी कित्येकजण सुट्टीत कार्ल्याला, जुन्नरला, नाणेघाटाला जातात. पुढच्या खेपेस तेथील खांबावरची नावे वाचून पाहावीत, वाटेवरच्या शेंदरी दगडाचे नाव तेथल्या माणसाला आदराने विचारावे, आणि त्या ठाण्याचा उत्सव कोणत्या महिन्यात, मान कोणत्या जातीचा, नैवेद्य कशाचा, हे वहीत टिपून घ्यावे. गावे आता झपाट्याने शहरांत बुडत आहेत. रस्तारुंदीत ठाणी हलतात, टेकड्या खणल्या जातात, आणि ज्यांना जुन्या गोष्टी ठाऊक आहेत ती म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत. कोसंबींनी ज्या वाटा पायी तुडविल्या त्यांपैकी पुष्कळ आज डांबराखाली गेल्या. उरल्या आहेत त्यांची नोंद करण्याचे काम कोणत्याही पदवीवाचून, केवळ वही, पेन्सिल आणि चालण्याची तयारी ह्यांवर करता येण्याजोगे आहे, आणि ते ह्याच पिढीला करावे लागेल.